टायरात पाणीच भरा, पिंपातलं काही नको

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातल्या एका शेतकरी भावाचा प्रश्न आहे. 45 एचपीचा जुना ट्रॅक्टर घेतलाय, मागे 13.6-28 चे टायर. पावसाळ्यात भाताची चिखलणी, उन्हाळ्यात ट्रॉलीवर विटा आणि शेणखत. उखळणीला (पहिल्या नांगरटीला) मागची चाकं जागीच फिरतात, म्हणून वजन वाढवायला टायरात काहीतरी भरायचंय. त्यांचा आतेभाऊ नवी मुंबईत महापेला कारखान्यात आहे. तिथल्या चिलरमधलं (गारवा तयार करणाऱ्या यंत्रातलं) जुनं कूलंट बदललं, त्याची दोन पिंपं फुकट मिळतायत. "पाण्यापेक्षा जड आहे, गंज धरत नाही, आणि परदेशातले शेतकरी टायरात हेच भरतात असं मोबाईलवर पाहिलं. भरू का?"

नका भरू. पिंपं घरी आणलेली नसतील तर आणूही नका. आणली असतील तर त्यांचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

आधी हिशेब करू, कारण "जड आहे" या एका शब्दावर सगळा मोह उभा आहे. 13.6-28 च्या टायरात पाऊणपर्यंत भरलं तर साधारण दोनशे लिटर पाणी बसतं. म्हणजे एका चाकाला दोनशे किलो, दोन्ही मिळून चारशे. चिलरमधलं कूलंट म्हणजे बहुतेक वेळा ग्लायकॉल आणि पाणी निम्मं निम्मं. हे मिश्रण पाण्यापेक्षा जेमतेम सहा-सात टक्के जड असतं. चारशेवर सहा-सात टक्के धरले तर पंचवीस-अठ्ठावीस किलो. सिमेंटची अर्धी गोणी! तेवढ्यासाठी दोन पिंपं विष दारात आणायचं. मडगार्डवर एक पोरगा बसवला तरी याहून जास्त वजन पडेल (आणि तोही बसवू नका, तो वेगळा विषय).

मग परदेशातले लोक भरतात ते का? त्यांच्याकडे हिवाळ्यात पाणी गोठतं म्हणून. टायरातल्या पाण्याचा बर्फ झाला की ट्यूब फाटते, वॉल्व्ह तुटतो, आणि गोठलेलं चाक फिरवलं तर टायरची आतली बाजू सोलून निघते. त्यामुळे ते पाण्यात काहीतरी मिसळतात: कॅल्शियम क्लोराइड, ग्लायकॉल, मिथेनॉल, गाडीची काच धुवायचं द्रव. काही जण शुगर बीटचा उरलेला घट्ट रस भरतात. तो पाण्यापेक्षा जवळजवळ तीस टक्के जड असतो आणि रिम खात नाही. हे सगळं थंडीवरचं औषध आहे. मुरबाडला पौषात शेकोटी पेटवावी लागते, पण टायरातलं पाणी गोठल्याचं मी सत्तावीस वर्षांत पाहिलं नाही. रोग नसताना औषध कशाला? बीटच्या रसाचं ऐकून एकाने मला विचारलं होतं की आपल्याकडे साखर कारखान्याची मळी (मोलॅसिस) आहे, ती चालेल का. चालणार नाही. मळी पातळ केली की आंबते, गॅस धरते आणि बंद ट्यूबमधला दाब आपोआप वाढत जातो. शिवाय मळीवर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतं, ती कोणी उचलून द्यायची नसते.

आता पिंपात काय असतं ते.

स्वस्तातलं आणि सर्रास वापरात असलेलं कूलंट म्हणजे एथिलीन ग्लायकॉल. त्याचा घात त्याच्या चवीत आहे. ते गोड लागतं. कुत्रा चाटतो, मांजर चाटतं, वासरू गोठ्याजवळच्या डबक्याला तोंड लावतं. मांजराला तर किलोला दीड मिलीलिटरच्या आसपास पुरे, म्हणजे तीन किलोच्या मांजराला एक चमचा. धडधाकट माणसाला शुद्ध ग्लायकॉल शंभर मिलीलिटरच्या आसपास जीवघेणं ठरतं, साधारण अर्धा ग्लास. लहान मुलाला किती लागेल ते तुम्हीच ताडा. पोटात गेल्यावर आधी माणूस दारू प्यायल्यासारखा झुलतो, मग बरा वाटतो आणि घरचे निश्चिंत होतात. तोवर यकृतात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होत असतं. त्याचे खडे मूत्रपिंडात बसतात आणि एक-दोन दिवसांत लघवी बंद होते. यावर हॉस्पिटलात उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांत मिळायला हवा. आणि डॉक्टरला काय प्यायलं ते कळायला हवं. म्हणून कधी असं झालंच तर पिंपाचा किंवा बाटलीचा फोटो घेऊन थेट मोठ्या दवाखान्यात जा, लक्षणांची वाट बघत बसू नका. "दारूने ग्लायकॉल उतरतं" असं अर्धवट कुठेतरी वाचून घरी दारू पाजणारे असतात. तो प्रकार करू नका. जनावराचंही तसंच, तालुक्याच्या पशुवैद्यकाला पहिल्याच तासात गाठा.

आणखी एक अडचण. तुमच्या आतेभावाच्या पिंपात एथिलीन ग्लायकॉलच आहे हे तरी कशावरून? औषधाच्या आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यात पुष्कळदा प्रॉपिलीन ग्लायकॉल वापरतात. ते महाग, पण त्याचं विष फारच कमी. दोन्ही दिसायला सारखी, दोन्हीत रंग घातलेला. वापरून झालेल्या कूलंटमध्ये गंजरोधक रसायनं असतात, पाइपातून सुटलेलं तांबं-लोखंड असतं. पिंपावरच्या लेबलावर विसंबू नका. आपल्याकडे पिंप तीन मालकांकडून फिरून आलेलं असतं. लेबल पहिल्याचं, माल तिसऱ्याचा.

कायद्याचं दोन वाक्यांत: कारखान्यातून निघणारा असा माल घातक कचऱ्यात मोडू शकतो आणि 2016 च्या नियमांनुसार तो परवानगी असलेल्या जागीच जायला हवा. आतेभावाने प्रेमाने दिला तरी उद्या तुमच्या शेतात मेलेले मासे दिसले तर त्याची नोकरी आणि तुमचं नाव दोन्ही गोत्यात येतात.

पण मला भीती पोलिसांची नाही, तुमच्या भातखाचरांची आहे. सपाट माळावर टायर पंक्चर झाला तर सांडलेलं तिथेच मुरतं. भाताचं तसं नाही. वरच्या खाचरातलं पाणी मोरीतून खालच्या खाचरात, तिथून ओहोळात, ओहोळातून नदीत. बाभळीच्या एका काट्याने दोनशे लिटर ग्लायकॉल चिखलणीच्या पाण्यात गेलं, की संध्याकाळी त्याच ओहोळात कोणाची तरी पोरं खेकडे आणि मासे धरत असतात. तुमची शेती बारवीच्या पाणलोटाकडे असेल तर आणखी गंमत आहे. बारवी धरणाचं पाणी एमआयडीसी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या (महापे त्यातच आलं) कारखान्यांना पुरवते. म्हणजे महापेहून आलेलं पिंप फिरून पाण्याच्या वाटेने महापेलाच निघालं!

मिथेनॉलबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण अंबरनाथ, बदलापूर, तुर्भे, तळोजा, जिथे रसायनाचे कारखाने तिथे भंगारात "स्पिरिट" नावाने काहीबाही फिरत असतं. मिथेनॉल पाण्यापेक्षा हलकं आहे, त्यामुळे वजनाच्या दृष्टीने तर शुद्ध मूर्खपणा. आणि त्याची वाफ साध्या उन्हातल्या तापमानाला पेट घेते. ज्योत दिवसा नीट दिसतही नाही. वॉल्व्ह उघडला, फवारा उडाला, बाजूला कोणी बिडी ओढतोय, एवढं पुरे. पोटात गेलं तर आधी डोळे जातात. 2015 साली मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं विषारी दारूने गेली, ती याच मिथेनॉलने.

आमच्या धंद्यातली एक सवय इथे सांगतो, कारण विष पोटात जाण्याची सगळ्यात सोपी वाट तीच आहे. टायर रिकामा करताना नळी लावतात आणि ओढ बसावी म्हणून तोंडाने खेचतात. मीही खेचलंय, तरुणपणी. आत साधं पाणी असेल तर फार तर सडका घोट मिळतो. पण जुना ट्रॅक्टर घेतला असेल तर आत आधीच्या मालकाने काय भरलंय ते देव जाणे. तुमचाही ट्रॅक्टर जुना आहे, म्हणून हे आजच करा: डोळ्यांना चष्मा लावा, वॉल्व्ह खाली येईल असं चाक फिरवा, पिन हळूच दाबा आणि चार थेंब काचेच्या ग्लासात घ्या. हवाच आली तर प्रश्न मिटला. रंगीत आणि बोटांना चिकट, बुळबुळीत लागलं तर ग्लायकॉल समजा. स्पिरिटसारखा वास आला तर चाकाजवळ आग, ठिणगी, बिडी काही नको. रंग-वास नसेल तर दोन थेंब काळ्या पत्र्यावर उन्हात वाळवा. पांढरा खरपूडा राहिला किंवा थेंब वाळतच नाही, ओलसर राहतो, तर आत मीठ आहे. चव घेऊन बघायची नाही. हे लिहावं लागतं, कारण घेणारे पाहिलेत.

मीठ म्हणजे कॅल्शियम क्लोराइड. आपल्याकडे मिळणाऱ्यांत खरोखर वजन वाढवणारं हेच एक. घट्ट द्रावण पाण्यापेक्षा वीस ते तीस टक्के जड होतं, म्हणजे तुमच्या दोन टायरांत शंभरेक किलो जास्त. विष म्हणावं तर ग्लायकॉलच्या मानाने काहीच नाही. पण ते रिम खातं. ट्यूबच्या नोजलपाशी (म्हणजे वॉल्व्हपाशी) एक थेंब पाझरला की हवेतला ओलावा ओढून घेत राहतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. दोन-तीन पावसाळ्यांत नोजलच्या भोकाभोवती रिमचा पापड होतो. शिवाय विरघळताना ते इतकं तापतं की हात भाजतो. पाण्यात मीठ थोडं थोडं टाकायचं असतं, मिठावर पाणी ओतायचं नसतं. आणि शेतात फुटलं तर त्या तुकड्यात पुढचं पीक जळतं. खारवट जमिनीची गोष्ट ठाणेकरांना मी काय सांगावी.

त्यावरून: खाडीचं पाणी भरू नका. हे हसण्यासारखं वाटेल, पण दिवा, बेलापूर, उरणकडचे ट्रॅक्टरवाले कॉम्प्रेसर घेऊन खडक फोडायला जातात, तिथे जे हाताशी मिळेल ते भरतात. खाडीचं किंवा मचूळ बोअरचं पाणी म्हणजे फुकटचं मीठ, तेही वजनाचा काही फायदा न देणारं. मी रिम सडलेल्या पाहिल्या त्यात निम्म्याहून अधिक अशाच पाण्याच्या. जळकं ऑइल भरणारेही एक-दोन भेटलेत. ऑइल पाण्यापेक्षा हलकं, वर रबर फुगवून सडवतं. त्यावर याहून जास्त बोलण्यासारखं काही नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढं लांब लिहायला बसलो ती.

रिम सडली की माणूस वेल्डिंगवाल्याकडे जातो. काही वर्षांपूर्वी असाच एक ट्रॅक्टर खाडीपट्ट्यातून आला होता, नोजलच्या भोकापासून रिमला बोटभर तडा. मी म्हटलं टायर उतरवू, रिम बदलू. मालकाला घाई होती. त्याने दुसरीकडे नेऊन टायर तसाच ठेवून तडा वेल्ड करायला लावला. पाणी काढलं होतं, पिनही काढली होती, म्हणजे आपल्या समजुतीने सगळी काळजी घेतली होती. वेल्डिंग करणारा पोरगा चाकासमोर बसला होता. टायर फुटला तेव्हा तो शेडच्या भिंतीपर्यंत गेला. वाचला, पण उजवा हात कोपरापासून गेला.

हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे "हवा काढली की झालं" ही समजूत जाईल. रिम तापली की तिला चिकटलेलं रबर आणि आतलं वंगण भाजतं, त्यातून जळाऊ वायू सुटतात. ते टायरच्या आत कोंडतात. आत हवाही असतेच. त्यात योग्य तेवढा वायू मिसळला आणि तापलेल्या जागेने तो पेटला की बॉम्ब होतो. हे बसलेल्या टायरातही होतं, पिन काढलेल्या टायरातही होतं, कारण ते इवलंसं भोक एवढा दाब सोडूच शकत नाही. वेल्डिंग संपल्यावर पाच-दहा मिनिटांनीही होतं. आणि आत मिथेनॉल भरलेलं असेल तर वेगळ्या वायूची गरजही नाही. म्हणून टायर चढवलेल्या रिमला वेल्डिंग, कटर, गॅसची ज्योत लावायचीच नाही. अडकलेला नट सोडवायला तापवतात, तेही नाही. टायर आणि ट्यूब पूर्ण उतरवून बाजूला, मगच आग. तडा गेलेली रिम तर मी उतरवूनही वेल्ड करू देत नाही. रिम बदलायची.

एवढं घाबरवून झाल्यावर तुमच्या मूळ दुखण्याकडे येतो. चाकं घसरतात म्हणजे वजन कमी आहे असंच काही नाही. उन्हाळाभर ट्रॉली ओढलीत म्हणजे मागच्या टायरात रस्त्याची, जास्तीची हवा असणार. तीच ठेवून उखळणीला उतरलात की टायर कडक, मातीला टेकणारा भाग चिंचोळा, चाक फिरणारच. आधी हवा ट्रॅक्टरच्या पुस्तकात शेतासाठी दिलीय तेवढी करा. फुकटचा उपाय आहे आणि निम्म्या लोकांचं घसरणं यातच थांबतं. टायरचे दात झिजलेत का तेही बघा. झिजलेल्या टायरात पाणी भरणं म्हणजे गुळगुळीत चपलेत दगड घालून चिखलात चालणं.

तरी घसरलं तर मोजा. मागच्या टायरावर खडूने खूण करा. नांगर जमिनीत असताना चाकाच्या दहा फेऱ्या होऊ द्या आणि सुरुवातीला-शेवटी काठी रोवा. मग नांगर उचलून तेवढ्याच अंतरावर त्याच गियरमध्ये ट्रॅक्टर चालवा आणि फेऱ्या मोजा. साडेआठ ते नऊ फेऱ्या भरल्या तर दहा-पंधरा टक्के घसरण आहे. तेवढी हवीच, ती नसेल तर इंजिनावर ताण येतो. साडेआठच्या खाली आल्या तर वजन टाका. साडेनऊच्या वर असतील तर तुम्ही आत्ताच फुकटचं वजन डिझेल जाळून फिरवताय.

वजन टाकायचं ठरलं तर साधं गोड पाणी, विहिरीचं किंवा नळाचं. (टायरात पाणी म्हटलं की शहरातल्या पाहुण्यांना डेंग्यू आठवतो. ट्यूबमध्ये डास शिरत नाही. गोठ्यामागे उघड्यावर पडलेल्या जुन्या टायरांत मात्र शिरतो, ते आधी हलवा.) ट्रॅक्टर सपाट, कठीण जमिनीवर घ्या, पुढच्या चाकांना उटी (अडसर म्हणून दगड) लावा, जॅकवर उचला आणि एक्सलखाली लाकडाचा भक्कम ठोकळा द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर चाकाशेजारी बसू नका. नोजल घड्याळातल्या बाराच्या जागी आणा. ट्रॅक्टरच्या ट्यूबचा नोजल हवा-पाणी दोन्हींसाठी असतो, पिनसकट आतला भाग निघतो आणि मोठं भोक मोकळं होतं. तो काढताना तोंड बाजूला ठेवा, दाबाने तो गोळीसारखा सुटतो. हवा पूर्ण जाऊ द्या. मग पाणी भरायचा ॲडॅप्टर लावून गच्चीवरच्या टाकीतून पाणी सोडा, मधूनमधून हवा बाहेर जाऊ द्या. वरच्या नोजलमधून पाणी परत यायला लागलं की थांबा. नोजल वर असल्यामुळे टायर बरोबर पाऊण भरतो, मोजमाप लागत नाही. मोटर लावून भरत असाल तर जागा सोडू नका.

पाऊणच्या वर का नाही, असं कायम विचारतात. टायरचा धक्का हवा गिळते, पाणी दबत नाही. पूर्ण भरलेला टायर बांधावरून आपटला तर तो धक्का सरळ ट्यूबवर, रिमवर आणि तुमच्या कमरेवर येतो. आणि हवेची जागा चौथाईच उरल्यामुळे दोन गोष्टी होतात, त्या लक्षात ठेवा. एक, कॉम्प्रेसर लावला की दाब डोळ्यादेखत चढतो. नेहमीसारखं "दोन मिनिटं राहू दे" म्हणून चहाला गेलात तर टायर कुठल्या कुठे जाईल. थोडी सोडा, मोजा, पुन्हा सोडा. दोन, बारीकशी गळतीही लगेच जाणवते, म्हणून हवा दर आठवड्याला बघा. नोजल वर ठेवूनच मोजा, नाहीतर गेजमध्ये पाणी जाऊन तो वर्षभरात खोटं बोलायला लागतो. दोन्ही चाकांत पाणी सारखं भरा. एकात जास्त एकात कमी असेल तर ब्रेक दाबल्यावर ट्रॅक्टर एका अंगाला ओढतो. आणि रस्त्यावर दोन्ही ब्रेकची पेडलं एकमेकांत अडकवलेली असू द्या, हे तर पाणी नसतानाही.

चिखलणीला हे पाणी काढा. इथे माझं कंपन्यांच्या माणसांशीही पटत नाही, ते म्हणतात राहू द्या. आपल्या खाचरात खाली एक घट्ट थर असतो, तोच पाणी धरून ठेवतो. चारशे किलो जास्तीचं घेऊन त्यात फिरलात तर कुठेतरी चाक तो थर फोडून रुततं, आणि आवणीनंतर (भात लावल्यावर) त्याच जागी पाणी टिकत नाही. चिखलणीला लोखंडी चाकं जोडा, वजन नको.

ट्रॉलीलाही नको. दोन चाकी ट्रॉली भरली की तिचा भार हुकावर, म्हणजे मागच्या चाकांवर आधीच येतो. आता यातला खरा धोका बघा. टायरातलं पाणी मागच्या एक्सलच्या आजूबाजूलाच असतं, त्यामुळे पुढचं टोक दाबून धरायला त्याचा उपयोग शून्य. उलट मागची पकड वाढते. आधी जिथे चाक घसरून सुटलं असतं तिथे आता घसरत नाही, आणि इंजिनाचा जोर पुढचं टोक उचलण्यात जातो. माळशेज चढताना भरलेली ट्रॉली मागे असली की स्टेअरिंग हलकं लागतं ना, तेच हे. पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या एकूण वजनाच्या निदान वीस टक्के भार राहायला हवा. वजनकाट्यावर एकदा पूर्ण ट्रॅक्टर आणि एकदा नुसती पुढची चाकं चढवून हे पाच मिनिटांत कळतं, नांगर मागे उचललेला ठेवून. कमी भरलं तर पुढे लोखंडी प्लेट्स लावा. ट्रॉली खालच्या हुकालाच जोडा, वरच्या टॉपलिंकच्या (नांगराला वरून धरणाऱ्या दांड्याच्या) जागी कधीच नाही.

आणि चिखलात रुतलं तर मागच्या चाकांना ओंडका बांधून पुढे काढायचं जे कसब गावोगाव दाखवतात, ते पाणी भरलेल्या चाकांवर तर मुळीच नको. ओंडका अडकला की चाक फिरत नाही, मग एक्सलभोवती ट्रॅक्टरच फिरतो. पुढचं टोक उचलल्यापासून परत न येण्याच्या टप्प्यापर्यंत जायला एक सेकंदसुद्धा लागत नाही. क्लचवर पाय जायच्या आत माणूस खाली. नांगर उचला, रिव्हर्सने काढा, नाही निघालं तर दुसरा ट्रॅक्टर आणा.

चाक उतरवायचं असेल तर आधी पाणी काढा. टायर, रिम आणि पाणी मिळून तीनशे किलोच्या वर जातं. ते कलंडायला लागलं की दोन माणसांनाही धरवत नाही, आणि माणूस सवयीने धरायलाच जातो.

राहिली पिंपं. आतेभावाला सांगा, जशी आहेत तशी कारखान्यात परत न्यायची, त्यांच्याकडे असा माल घेऊन जाणारी परवानाधारक गाडी येते. ओढ्यात, शेणखताच्या खड्ड्यात, बांधाच्या पलीकडे ओतायची नाहीत. आणि "रिकामी करून पिंपं तरी ठेवू, भात भरायला होतील" असा विचार घरात कोणी करत असेल तर तोही थांबवा. प्लास्टिकच्या पिंपाच्या अंगात रसायन मुरतं, धुऊन निघत नाही.

ग्लासातल्या थेंबांचं काय निघालं आणि हवा कमी केल्यावर दहाच्या किती फेऱ्या भरल्या ते कळवा. साडेआठच्या पुढे गेलात तर पाणी भरायचीही गरज पडणार नाही.